रेडिएटरचे पंखे बदलले, त्याला आठ महिने झाले

माझ्या कॉम्प्युटरचा प्रोसेसर पाण्याने थंड होतो; तापलेलं पाणी रेडिएटरमधून फिरतं आणि पंखे त्यातून हवा काढून ते गार करतात. पहिल्या खेपेला मी पंख्याच्या खोक्यावरचा सीएफएमचा सर्वांत मोठा आकडा बघून तीन पंखे आणले. मिनिटाला किती घनफूट हवा, तो हा आकडा. पण तो मोकळ्या हवेत, समोर काहीही नसताना मोजलेला असतो. माझ्या ३६० मिमीच्या रेडिएटरची दाट जाळी समोर आल्यावर नुसती घरघर वाढली. पलीकडे टिश्यू पेपर धरला, तर तो जेमतेम थरथरायचा.

मग स्टॅटिक प्रेशर बघायला लागलो. अडथळ्यातून हवा रेटायचा हा जोर मिमी पाण्याच्या उंचीत देतात. नॉक्टुआ कंपनीच्या एनएफ-ए१२×२५ या पंख्याचा २.३४ आहे, आणि पात्याचं टोक व चौकट यांत फक्त ०.५ मिमी फट. ते खिशाला झेपेनात, म्हणून तशाच घडणीचे दुसरे घेतले. तापमान उतरलं.

आवाजाचं दुखणं मात्र राहिलं, आणि त्यात पंख्यांचा दोष नव्हता! मदरबोर्ड, म्हणजे कॉम्प्युटरचा मुख्य बोर्ड, पंखे प्रोसेसरच्या तापमानावर चालवत होता. एखादं जड पान उघडलं की प्रोसेसर क्षणात तापतो, पंखे किंचाळतात, लगेच गप्प. पाणी मात्र सावकाश तापतं, त्याला काही मिनिटं लागतात. तेवढ्यात पंखे पळवून काय मिळणार? पाण्यात सेन्सर बसवला, त्यावर वेग बांधला. आता ३३ अंशांपर्यंत ७०० आरपीएम (मिनिटाला फेरे), ४० ला १२००. वेग दुप्पट झाला की आवाज साधारण १५ डेसिबलने चढतो, त्यामुळे हा फरक कानाला लगेच कळतो. १००० च्या आसपास हे पंखे गुणगुणतात, म्हणून तो टप्पा तापमान-वेगाच्या आलेखात एका उडीत ओलांडलाय.

रेडिएटर कॅबिनेटच्या वरच्या बाजूला आहे. आधी पंखे त्याच्या खाली होते, त्यामुळे धूळ दोघांच्या मधे अडकायची आणि सगळं सोडवावं लागायचं. आता ते वर बसून हवा खेचतात. धूळ खालून दिसते, ब्रशने निघते. तापमानात म्हणावा असा फरक नाही. स्क्रू मात्र मोजून घ्या, २५ मिमीच्या पंख्याला ३० मिमीचा पुरतो. लांब स्क्रू थेट रेडिएटरमधल्या पाण्याच्या नळीत घुसू शकतो.

गेल्या महिन्यापासून मधला पंखा आडवा असताना टिकटिकतोय, हातात उभा धरून फिरवला की गप्प. बेअरिंग असणार. एक जादा मागवून ठेवलाय.