विंडोज फॉर्म्समधील कस्टम कंट्रोल : सीमाभागातील बिलिंगच्या कामातून परीक्षण

बेळगावच्या रविवार पेठेतील घाऊक दुकान असो, उद्यमबागेतील फाउंड्री असो की वडगाव-शहापूरकडचा साड्यांचा व्यापारी, बिलिंगचे सॉफ्टवेअर करून घेताना प्रत्येकाची एक गरज सारखीच असते : राज्यातल्या आणि राज्याबाहेरच्या, दोन्ही विक्रीची बिले त्यातून निघावीत. माल कर्नाटकात विकला जातो, तसाच कोल्हापूर-सांगलीला आणि गोव्यालाही जातो. अशा व्यापाऱ्यांसाठी सॉफ्टवेअर लिहिण्याचे माझे काम व्हिज्युअल स्टुडिओ या प्रोग्रामिंगच्या सॉफ्टवेअरमधील विंडोज फॉर्म्सवर, म्हणजे विंडोजसाठी खिडक्या (फॉर्म) बनवण्याच्या साधनावर चालते. २००२ साली मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट या प्रोग्रामिंग व्यवस्थेच्या पहिल्या आवृत्तीबरोबर आलेल्या या साधनातील सर्वांत मोलाची सोय म्हणजे आपले कंट्रोल (फॉर्मवरचा रकाना, यादी किंवा बटण असा घटक) एकदा बनवून हव्या तितक्या फॉर्मवर वापरता येणे, असे माझे स्पष्ट मत आहे.

जीएसटी क्रमांकाचा टेक्स्टबॉक्स, म्हणजे मजकूर भरण्याचा रकाना घेऊ. क्रमांक १५ अक्षरांचा. पहिले दोन अंक राज्याचे, पुढची दहा अक्षरे पॅनची आणि शेवटचे अक्षर पडताळणीचे. मूळ टेक्स्टबॉक्सपासून इनहेरिट करून (त्याचे गुण घेऊन त्यात भर घालून) बनवलेले कंट्रोल अक्षरे आपोआप कॅपिटल करते, शेवटचे अक्षर गणित करून तपासते आणि राज्याचा संकेतांक प्रॉपर्टी म्हणून, म्हणजे फॉर्मला वाचता येईल अशा रूपात, बाहेर देते. विक्रेता बेळगावचा, म्हणजे कर्नाटकाचा संकेतांक २९. खरेदीदाराचा संकेतांक २९ निघाला तर बिलाचा फॉर्म राज्यांतर्गत विक्रीचा सीजीएसटी-एसजीएसटी (केंद्राचा आणि राज्याचा कर) सुचवतो आणि २७ (महाराष्ट्र) किंवा ३० (गोवा) निघाला तर आंतरराज्य विक्रीचा आयजीएसटी. मात्र कर कोणता हा निर्णय कंट्रोलने स्वतः घेऊ नये, कारण मालाच्या बाबतीत तो अखेर पुरवठ्याच्या ठिकाणावर ठरतो, केवळ खरेदीदाराच्या नोंदणीवर नाही. कंट्रोलने संकेतांक द्यावा आणि क्रमांक बदलल्याचा इव्हेंट (फॉर्मला जाणारी सूचना) उठवावा. पुढचे फॉर्मने पाहावे. ही शिस्त पाळली तरच तेच कंट्रोल विक्री, खरेदी, डेबिट नोट आणि पार्टी मास्टर (गिऱ्हाइकांची व पुरवठादारांची नोंद) अशा सर्व फॉर्मवर निर्धास्तपणे ठेवता येते.

या पद्धतीचा खरा कस २२ सप्टेंबर २०२५ रोजी लागला. त्या दिवसापासून तंबाखूसारख्या काही वस्तू वगळता जीएसटीच्या दरांतले १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे बहुतांशी गेले. दर ज्यांनी प्रत्येक फॉर्मवरच्या कॉम्बोबॉक्समध्ये (निवडीच्या यादीत) हाताने भरले होते, त्यांना एकेक फॉर्म उघडून शोधत बसणे भाग होते. दर निवडण्याचे कंट्रोल एकच असेल आणि ते बिलाच्या तारखेनुसार दर तक्त्यातून वाचत असेल, तर तक्त्यात नव्या नोंदी घातल्या की काम भागते आणि जुनी बिले जुन्याच दराने उघडतात. निपाणीच्या तंबाखू व्यापाऱ्याला तर त्या वेळचे हे अपवादही त्याच यादीत नीट दिसायला हवेत.

भाषेच्या बाबतीतही हीच सोय उपयोगी पडते. मालकाला मराठी लेबले हवी असतात, तर काउंटरवरचा मुलगा अनेकदा कन्नडच सहज वाचतो. लेबल आणि टेक्स्टबॉक्स एकत्र असलेले युजर कंट्रोल (अनेक कंट्रोल जोडून केलेले एक कंट्रोल) बनवून मजकूर रिसोर्स फाइलमध्ये, म्हणजे प्रत्येक भाषेच्या वेगळ्या फाइलमध्ये ठेवला आणि निर्मला यूआय हा फॉन्ट दिला, की दोन्ही लिप्या एकाच फॉन्टमध्ये नीट दिसतात. लेबलची रुंदी मात्र ठरावीक ठेवू नये, कारण भाषा बदलली की शब्दांची लांबी बदलते.

उणिवाही सांगायला हव्यात. कंट्रोलच्या कन्स्ट्रक्टरमध्ये (कंट्रोल तयार होताना सर्वांत आधी चालणाऱ्या कोडमध्ये) डेटाबेसची जोडणी उघडली, तर फॉर्म डिझाइन करतानाही तो कोड चालतो आणि डिझायनर (फॉर्म मांडण्याची खिडकी) फॉर्मऐवजी त्रुटीचे पान दाखवू शकतो. फॉर्म डिझाइन होत आहे की चालत आहे हे सांगणारी डिझाइनमोड ही प्रॉपर्टी कन्स्ट्रक्टरमध्ये भरवशाची नसते, त्यामुळे असे काम तेथे ठेवूच नये. ऑनपेंट हा कंट्रोल रंगवणारा मूळ कोड ओव्हरराइड करून (बदलून) पूर्ण कंट्रोल स्वतः रंगवण्याचा मोह तर विशेष कारणाशिवाय टाळावा. टॅब, एंटर, फोकस आणि १२५ टक्के स्केलिंगवर ठेवलेला स्क्रीन हे सर्व मग आपल्यालाच सांभाळावे लागते. दिवसभर कीबोर्डवर बोटे ठेवून बिले मारणाऱ्या माणसाला रंगांपेक्षा एंटर दाबल्यावर कर्सर पुढच्या रकान्यात जाणे महत्त्वाचे असते.

व्हिज्युअल स्टुडिओची कम्युनिटी आवृत्ती एकट्या प्रोग्रामरला मोफत मिळते, तयार कंट्रोल डीएलएल (तयार कोडची फाइल) म्हणून दुसऱ्या प्रकल्पात जोडता येते आणि टूलबॉक्समधून ओढून फॉर्मवर ठेवता येते. सॉफ्टवेअर विंडोजवरच चालते, ही मर्यादा आहे. परंतु ज्या दुकानांत आधीपासून विंडोजचे संगणक आणि बिलाचे प्रिंटर आहेत, तेथे ती अडचण ठरत नाही. दोनपेक्षा अधिक फॉर्मवर एकच रकाना येणार असेल, तर त्याचे कंट्रोल पहिल्याच दिवशी करावे, अशी माझी शिफारस आहे.