तळ्याकाठच्या सपाट रस्त्यावर काँटिनेंटल ग्रां प्री ५००० एस टी आर, २८ मिमी

सपाट रस्ता सोपा, असं चढावर रमणारे लोक म्हणतात. चढ संपला की उतार येतो आणि पाय सुटतात. सपाटीवर ती सोय नाही. तीन तासांची राइड म्हणजे पूर्ण तीन तास पॅडल, तेही जवळजवळ एकाच गिअरमध्ये आणि एकाच बैठकीत. रस्त्याचा खरखरीतपणा तळहाताच्या आणि बुडाच्या त्याच त्या जागी मुरत राहतो. त्यात तळ्याच्या काठाने जायचं म्हटलं की वाऱ्याला अडवायला काही नसतं. म्हणून अशा रस्त्यासाठी फ्रेमचं वजन कमी करण्यापेक्षा टायर नीट निवडणं आणि त्यातली हवा नीट ठेवणं जास्त फळतं, असं आमचं ठाम मत आहे. हा टायर त्या कामाला उत्तम आहे. मात्र हवा जास्त भरली तर त्याचे निम्मे गुण वाया जातात.

आधी हिशोब. सायकल आणि स्वार मिळून ८० किलो, वेग ताशी ३० किमी. हुडवर (ब्रेक लीव्हरच्या रबरी मुठींवर) हात ठेवून बसलेल्या सर्वसाधारण स्वाराला वारा नसताना फक्त हवा कापायला सुमारे ११० वॉट लागतात. चांगल्या रेसिंग टायरचा लोळण-घर्षणाचा गुणांक (टायर फिरताना होणाऱ्या विरोधाचं माप) ०.००३ च्या आसपास धरला तर दोन्ही टायर मिळून २० वॉट खातात. जाड, कडक, साध्या टायरचा ०.००५ धरला तर ३३. हा १३ वॉटचा फरक उतारावर विसरला जातो, सपाटीवर प्रत्येक मिनिटाला मोजावा लागतो. आता समोरून ताशी १० किमीचा वारा आला तर तोच ३० चा वेग टिकवायला हवेसाठीच २०० वॉटच्या आसपास लागतील. तेवढी ताकद नसेल तर वेग २४-२५ वर उतरतो. वारा आपल्या हातात नाही, टायर आहे.

ग्रां प्री ५००० ही मालिका २०१८ मध्ये ४००० एस २ च्या जागी आली. ट्यूबलेस, म्हणजे आत ट्यूब नसलेला, एस टी आर २०२१ मध्ये आला आणि त्याने आधीच्या ट्यूबलेस टी एल ची जागा घेतली. टी एल ला आतून हवाबंद थर होता, त्यामुळे तो जड होता. एस टी आर मध्ये तो काढला, वजन उतरलं आणि सीलंट (आतून भोकं बुजवणारा द्रव) सक्तीचं झालं. सीलंटशिवाय हा टायर ट्यूबलेस चालवायचाच नाही. २८ मिमीचं कंपनीने दिलेलं वजन २८० ग्रॅम, ३० मिमीचं ३०० ग्रॅम. सपाटीवर या २० ग्रॅमना काही अर्थ नाही. फ्रेममध्ये आणि ब्रेकजवळ जागा असेल आणि रस्ता खडबडीत असेल तर सरळ ३० घ्या.

रबर म्हणजे कंपनीचं ब्लॅक चिली नावाचं मिश्रण, खाली व्हेक्ट्रान या मजबूत धाग्याचा संरक्षक पट्टा. हा पट्टा फक्त मधल्या भागाखाली आहे, बाजूच्या भिंतीत नाही, हे खरेदीआधी नीट समजून घ्या. टायर मधोमध गुळगुळीत आहे, खांद्यावर लेझरने कोरलेली बारीक नक्षी. नक्षी नाही म्हणजे पावसात घसरेल, ही भीती अनाठायी आहे. सायकलचा टायर इतका अरुंद आणि त्यातला दाब इतका जास्त असतो की पाण्यावर तरंगण्याइतका वेग सायकल गाठतच नाही. ओल्यात पकड येते ती रबराच्या मऊपणातून आणि हवा थोडी कमी ठेवण्यातून.

हवेबद्दल जरा सविस्तर, कारण बहुतेकांचं इथेच बिनसतं. १०० पीएसआयची (हवेचा दाब मोजायचं एकक) सवय अरुंद टायरच्या काळातली आहे. दाब वाढवत गेलं की टायर खडे गिळायचं सोडतो आणि अख्खी सायकल त्यांच्यावरून उडवतो. ती उडी म्हणजे वाया गेलेली ताकद. चाक कडक लागतं, आवाज वाढतो, वेगवान वाटतं, आणि प्रत्यक्षात वेग कमी असतो. ७० किलोचा स्वार, २१ मिमी आतील रुंदीची रिम, २८ चा टायर, बरं डांबर: पुढे ६२, मागे ६५ पीएसआयपासून सुरुवात करा. जुनं, खडी वर आलेलं डांबर असेल तर दोन्हीकडे ५ कमी. पाऊस असेल तर आणखी ३. वजन दर ५ किलोने वाढलं की साधारण २ पीएसआय वाढवा. हुकलेस रिमवर (जिच्या काठाला टायर अडकवणारी आतली वळी नसते) ५ बार, म्हणजे ७२.५ पीएसआय, ही कमाल मर्यादा आहे. ती ओलांडली तर टायर रिमवरून निसटू शकतो. स्वाराचं वजन ९० च्या पुढे आणि रिम हुकलेस असेल तर २८ चा नाद सोडून ३० किंवा ३२ घ्या.

आणखी एक गोष्ट. पहाटे काठावर गारवा असतो, त्या वेळी हवा भरली आणि दुपारपर्यंत टायर १५ अंशांनी तापला, तर ६५ चे जवळपास ६९ होतात. हुकलेस मर्यादेच्या काठावर हवा भरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

बसवणं. ट्यूबलेसची कड, म्हणजे टायरचा रिममध्ये बसणारा काठ, घट्ट असणं गरजेचं असतं, त्यामुळे पहिल्या वेळी अंगठे दुखणार. रिम टेप सुरकुती नसलेली आणि दोन्ही बाजूंना रिमच्या कडेपर्यंत गेलेली हवी. टायरवर दिशेचा बाण असेल तर तो पाहून घ्या. दुसरी कड व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने चढवायला सुरुवात करा आणि व्हॉल्व्हपाशी संपवा. व्हॉल्व्हच्या बुडामुळे तिथे कड मधल्या खोलगट भागात उतरत नाही. उलट क्रमाने गेलं तर शेवटच्या वीतभर भागासाठी ढील उरत नाही आणि लोक लोखंडी लीव्हर काढतात. लोखंडी लीव्हरने टेप फाटते, मग हवा स्पोकच्या भोकांतून जाते आणि दोष टायरला मिळतो. प्लास्टिकचे लीव्हर, कडेला साबणाचं पाणी, आणि आधीची चढलेली कड दोन्ही हातांनी मधल्या खाचेत ढकलत यायचं. व्हॉल्व्हचा गाभा (आतला पिळून निघणारा भाग) काढून जोरात हवा मारली की कड टक टक करत जागी बसते. रिमच्या कडेला लागून टायरवर जी बारीक रेघ दिसते ती चाकभर सारख्या अंतरावर आहे ना, ते चाक फिरवून पाहा. कुठे ती रिमखाली गेली असेल तर हवा सोडून, पुन्हा साबण लावून परत भरा. मग गाभ्याच्या वाटेने ३० ते ४० मिली सीलंट. दर तीन महिन्यांनी किती शिल्लक आहे ते बघायचं, उन्हाळ्यात त्याआधी.

पंक्चर. तळ्याकाठच्या रस्त्यावर वाळू, फुटलेले शिंपले, गोगलगाईंची कवचं, काटे आणि मासेमारीला आलेल्यांनी टाकलेल्या काचा हे नेहमीचं. पाणी रबराला वंगणासारखं काम करतं, म्हणून ओल्या रस्त्यावर काच जास्त सहज आत शिरते. पाऊस पडून गेलेल्या राइडनंतर टायर ओल्या फडक्याने पुसा, आणि हवा थोडी सोडून चिरा उघडून पाहा. मधल्या भागात तांदळाच्या कणीएवढी काच अडकलेली असते. ती आज काही करत नाही, पण फिरून फिरून व्हेक्ट्रानपर्यंत पोहोचते. टाचणीने काढून टाका.

बारीक भोक सीलंट बुजवतं. मात्र ६० पीएसआयच्या दाबाने ते सारखं बाहेर फेकलं जातं, आणि भोक नीट मिटतं ते दाब ३०-४० वर आल्यावर. म्हणून फवारा दिसला की थांबा, भोक खाली येईल असं चाक फिरवून ठेवा, आणि पंप लगेच जोडू नका. दोन-तीन मिमीच्या चिरेला रोड टायरसाठीची बारीक प्लगची वात (भोकात खुपसून ते बंद करायची) लागते. बाजूची भिंत चिरली तर प्लग टिकत नाही. आतून टायरचा तुकडा लावून ट्यूब घालावी लागते. टीपीयूची (हलक्या प्लास्टिकची) एक ट्यूब, दोन लीव्हर, छोटा पंप आणि तो टायरचा तुकडा एवढं सॅडलखालच्या पिशवीत असू द्या. कार्बन डायऑक्साइडच्या कार्ट्रिजमुळे काही लॅटेक्स सीलंट गोठून त्यांच्या गुठळ्या होतात, त्यामुळे ती वापरायचीच असेल तर व्हॉल्व्ह वर ठेवून वापरा.

झीज हा या टायरचा सपाटीवरचा कमकुवत मुद्दा, आणि दोष टायरपेक्षा रस्त्याचा जास्त. वळणं नाहीत, त्यामुळे सगळी झीज मधोमध. मागचा टायर गोल न राहता त्याला चपटी पट्टी पडते. बोट आडवं फिरवलं की पट्टीची कड जाणवते. सरळ जाताना काही कळत नाही, पण बांधावरून गावाकडे उतरणाऱ्या अचानक वळणावर सायकल कलवली की ती आधी अडते आणि मग एकदम कलते. रबरात झीज दाखवणारे दोन बारीक खड्डे आहेत, ते दिसेनासे झाले की टायर बाद. खड्डे शिल्लक असले तरी कड स्पष्ट लागू लागल्यावर आम्ही तो ठेवणार नाही. बदलताना पुढचा टायर मागे टाका आणि नवा पुढे लावा. झिजलेला मागचा टायर पुढे कधीच नको. मागचं चाक घसरलं तर सावरता येतं, पुढचं घसरलं तर नाही.

टायरच्या हातात नसलेल्या गोष्टीही असतात. लाकडी पुलाच्या ओल्या, शेवाळलेल्या फळ्यांवर कुठलंच रबर पकडत नाही: ब्रेक सोडा, पॅडल थांबवा, हँडल सरळ ठेवा, आणि फटी सायकलच्या दिशेत असतील तर त्या काटकोनाच्या जवळपास ओलांडा. बदकांची विष्ठा साचलेल्या पट्ट्यावरही हेच.

रोजच्या वाटेत कच्ची खडी येत असेल किंवा पावसाळाभर याच सायकलवर फिरायचं असेल तर हा टायर घेऊ नका. याच मालिकेत २०२३ मध्ये आलेला ए एस टी आर थोडा मंद आहे, पण जास्त सोसतो आणि बाजूला परावर्तक पट्टी असल्याने अंधारातही दिसतो. सीलंटची कटकट नको असलेल्यांसाठी साधा, ट्यूबवाला ५००० अजूनही मिळतो. त्यात लॅटेक्सची ट्यूब घातली तर वेगात फारसं काही गमवावं लागत नाही, फक्त निघण्याआधी रोज हवा भरावी लागते.