स्पार्स आणि स्मॅच: दिवाळीपासूनच्या वापरानंतर

बाणेरच्या ऑफिसात आमच्या टीमकडे एका नेटवर्क कार्डचा लिनक्स ड्रायव्हर आहे. दिवाळीनंतर आम्ही त्याच्या रोजच्या बिल्डला (कोड कंपाइल करण्याच्या फेरीला) स्पार्स आणि स्मॅच जोडले. दोन्ही साधने सी भाषेतला कोड न चालवताच वाचून त्यातल्या चुकांचे इशारे देतात. तेव्हापासून दोन्ही मी सलग वापरते आहे आणि दोन्ही आता काढू देणार नाही.

स्पार्स बसवायला सोपे. लिनस टॉरवाल्ड्सने २००३ मध्ये ते लिहायला घेतले. मेक या बिल्डच्या कमांडला 'सी=१' दिले की नव्याने कंपाइल होणाऱ्या फायलीच तपासल्या जातात, 'सी=२' दिले की सगळ्या. आमच्याकडे त्याने एंडियनची, म्हणजे आकड्यातल्या बाइट्सच्या क्रमाची, चूक पकडली. कार्डाच्या डिस्क्रिप्टरमधली (पॅकेटची माहिती देणाऱ्या नोंदीतली) लिटल-एंडियन, म्हणजे लहान बाइट आधी असलेली, लांबी रूपांतर न करताच बेरजेत वापरली होती. आमची इंटेल आणि आर्म मशीन लिटल-एंडियन चालतात, त्यामुळे चाचणीत हे कधीच दिसले नसते. आयबीएमच्या एस३९० सारख्या बिग-एंडियन (मोठा बाइट आधी) मशीनवर मात्र पॅकेटची लांबीच चुकली असती. टीममधल्या नव्या मुलाने विचारले, "मॅडम, फोर्स टाकून कास्ट करू का? वॉर्निंग जाते." कास्टने फक्त टाइप बदलतो, बाइट्स तसेच राहतात. म्हटलं, "वॉर्निंग जाईल रे, आकडा उलटाच राहील."

स्मॅच डॅन कार्पेंटर यांचे. ते स्पार्सच्याच पार्सरवर (कोड वाचून त्याची रचना लावणाऱ्या भागावर) उभे आहे, पण एका फंक्शनमधून दुसऱ्यात काय जाते याचा डेटाबेस ठेवते. तो बांधायला अख्खे कर्नल (लिनक्सचा गाभा) तपासावे लागते. आम्ही संध्याकाळी लावून घरी जातो. एकदा बांधून भागत नाही, कारण दर फेरीला माहिती कॉलच्या साखळीत आणखी एक पायरी पुढे सरकते. पहिल्या फेरीवरून याची परीक्षा करू नका.

त्याचा सगळ्यात मोलाचा इशारा म्हणजे 'तपासण्याआधीच पॉइंटर वापरला'. पॉइंटर म्हणजे मेमरीतला पत्ता; तो नल, म्हणजे रिकामा, असेल तर वापरता येत नाही. २००९ मध्ये लिनक्सच्या टन या आभासी नेटवर्क ड्रायव्हरमध्ये नेमके हेच झाले होते. आधी 'टन' या पॉइंटरमधून सॉकेट काढले, मग टन नल आहे का ते पाहिले. आधीच वापरला म्हणजे तो नल नसणारच, असे धरून जीसीसी कंपायलरने ती तपासणीच उडवली आणि सुरक्षेचे भोक पडले. त्यानंतर कर्नलच्या बिल्डमध्ये अशा तपासण्या न उडवण्याचा पर्याय कंपायलरला दिला जाऊ लागला. या इशाऱ्याला दोन उत्तरे असतात: पॉइंटर नल येऊच शकत नसेल तर तपासणी काढा, येत असेल तर वापर खाली न्या. कोणते खरे, हे त्या फंक्शनला हाक मारणारा प्रत्येक कोड वाचल्याशिवाय कळत नाही. आमचा बहुतेक वेळ या वाचनातच जातो, आणि तो जायलाच हवा.

खोटे इशारेही पुष्कळ येतात. लूप एकदा तरी फिरणारच हे स्मॅचला कळत नाही, म्हणून ते 'व्हेरिएबलला किंमत दिलेली नाही' म्हणते. तिथे गुपचूप शून्य भरायला मी ठाम नकार देते. उद्या खरोखर एखादी वाट किंमत न देता सुटली, तर ते शून्य तिला झाकेल आणि कंपायलरही बोलणार नाही. अट घालून घेतलेल्या लॉकवर (एका वेळी एकालाच डेटा वापरू देणाऱ्या कुलपावर) स्पार्स उगीच ओरडते. ते आम्ही सोडून देतो. जुने इशारे एका फायलीत ठेवलेत, रोज फक्त नवे पाहतो.

कॉक्सिनेल हे कोडमधले ठरावीक नमुने शोधणारे तिसरे साधन मी अधूनमधूनच चालवते. डिव्हाइस ट्रीच्या (हार्डवेअरची माहिती देणाऱ्या झाडाच्या) नोडवर फिरताना मध्येच रिटर्न केले आणि नोडचा संदर्भ सोडायचा राहिला, तर ते छान शोधून काढते.

दुरुस्तीच्या कमिट मेसेजमध्ये (बदलासोबतच्या टिपणात) टूलचे नाव आणि बदल कार्डावर चालवून पाहिला की नुसता कंपाइल केला, हे दोन्ही लिहा. मेंटेनर (कर्नलचा तो भाग सांभाळणारे) तेच आधी विचारतात. आणि कर्नलची आवृत्ती बदलली की स्मॅचचा डेटाबेस पुन्हा बांधायला रात्री राखून ठेवा.