सिद्धांतांचा नकाशा चांगला, पण वाचायचा क्रम बदला

अ‍ॅलन बर्नार्ड यांचं 'हिस्टरी अँड थिअरी इन अँथ्रोपॉलॉजी' (केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेस, २०००) सामाजिक-सांस्कृतिक मानवशास्त्राचे सिद्धांत शिकणाऱ्यांनी घ्यावं असं पुस्तक आहे. त्याचं खरं बळ पहिल्याच प्रकरणात दिसतं. काळाच्या ओघातला बदल शोधणारे सिद्धांत (समाज टप्प्याटप्प्याने विकसित होतो म्हणणारा उत्क्रांतिवाद, चालीरीती एका समाजातून दुसऱ्यात पसरतात म्हणणारा प्रसारवाद), समाज एका वेळी कसा चालतो ते पाहणारे (संस्था काय काम करतात ते पाहणारा प्रकार्यवाद, नात्यांमागची मांडणी शोधणारा संरचनावाद) आणि माणसांच्या परस्पर व्यवहारावर नजर ठेवणारे, अशी विभागणी तिथे आहे. ती पक्की झाली की पुढची नावं बरीचशी आपोआप जागेवर बसतात.

त्यानंतर मात्र छापील क्रम सोडा. पाचवं (प्रकार्यवाद) आणि आठवं (संरचनावाद) प्रकरण आधी, मग तिसरं-चौथं (उत्क्रांतिवाद आणि प्रसारवाद; क्रमांक पहिल्या आवृत्तीचे). प्रकार्यवाद्यांनी कशाला नकार दिला हे ठाऊक नसेल तर उत्क्रांतिवादी मॉर्गन आणि टायलर म्हणजे नुसती घोकंपट्टी होते.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो मॅलिनॉस्की आणि रॅडक्लिफ-ब्राऊन यांच्यात. दोघांचे गाजलेले ग्रंथ १९२२चे, प्रकार्यवादी हा शिक्काही एकच. पण मॅलिनॉस्कींच्या मते संस्था व्यक्तीच्या गरजा भागवतात; रॅडक्लिफ-ब्राऊन त्या समाजरचना कशी टिकवतात ते पाहतात. दोघांना एका वाक्यात कोंबलं की परीक्षेतलं पुढचं सगळं उत्तर घसरतं.

पुस्तकाच्या जोडीला मामा-भाच्याच्या नात्यावरचा अभ्यासकांचा वाद जरूर वाचा. आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या थोंगा लोकांमध्ये वंश बापाकडून चालतो, तरी भाचा मामाच्या घरी जाऊन त्याच्यासाठी रांधलेलं बिनदिक्कत खाऊन टाकतो. मिशनरी ज्युनो यांना यात जुन्या मातृवंशाचा अवशेष दिसला. रॅडक्लिफ-ब्राऊन यांनी १९२४मध्ये ते खोडून काढलं: आईबद्दलची भावनाच तिच्या भावापर्यंत पोचते. संरचनावादी लेवी-स्ट्रॉस यांना हेही अपुरं वाटलं. त्यांच्या मते भाऊ-बहीण, नवरा-बायको, बाप-मुलगा आणि मामा-भाचा ही चार नाती एकत्रच तपासायला हवीत. कुठे जवळीक आणि कुठे दुरावा, याची मांडणी महत्त्वाची. सिद्धांत बदलला की प्रश्नच कसा बदलतो, हे इथे जितकं स्वच्छ दिसतं तितकं व्याख्या पाठ करून कधीच दिसणार नाही.

सहावं प्रकरण फारच दाटीवाटीचं आहे. कृतिकेंद्री (व्यक्तीच्या कृतीवर भर देणारे), प्रक्रियावादी (समाजातल्या बदलत्या प्रक्रिया पाहणारे) आणि मार्क्सवादी विचार एकाच ठिकाणी उरकलेत. विधींचे अभ्यासक व्हिक्टर टर्नर यांच्यासाठी तरी मूळ लेखन हाताशी ठेवा. शेवटचा संज्ञाकोश आणि अभ्यासकांच्या जन्म-मृत्यूच्या सालांची यादी मात्र उजळणीला फार उपयोगी.