केशरी कार्डावर धान्य चालू करून घेतानाचा आणि त्यानंतरचा अनुभव

ह्यांची नोकरी गेली तेव्हा आमच्याकडे केशरी कार्ड होतं, पण त्यावर धान्य येत नव्हतं. कार्ड असणं वेगळं आणि त्यावर धान्य चालू असणं वेगळं. ज्यांच्या घरावर अचानक अशी वेळ आली आहे त्यांनी आधी हे समजून घ्यावं, म्हणून लिहिते आहे.

अन्न सुरक्षा कायदा 2013 चा. त्यात अंत्योदय म्हणजे सगळ्यात गरीब कुटुंबाला महिन्याला 35 किलो धान्य आणि प्राधान्य कुटुंबाला माणशी 5 किलो मिळतं. जानेवारी 2023 पासून तेही मोफत आहे. आपल्या राज्यात प्राधान्य यादीसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा शहरात 59,000 आणि गावात 44,000 रुपये. केशरी कार्ड मात्र एक लाखापर्यंत मिळतं. म्हणजे कितीतरी केशरी कार्डं कपाटातच असतात.

अर्ज पुरवठा शाखेत दिला. आधारच्या झेरॉक्स, लाईट बिल, हमीपत्र, इथपर्यंत काही त्रास नाही. खरी अडचण उत्पन्नाच्या दाखल्याची. चूल आज थंडावते आणि दाखला मिळतो मागच्या वर्षाच्या कमाईचा! पगार चालू होता त्या वर्षाचा आकडा पाहून आम्ही कागदोपत्री गरजू ठरलोच नाही. काम सुटल्याचं पत्र जोडलं, तलाठ्यांना भेटलो, पण दाखल्यावरचा आकडा त्याने बदलत नाही. आर्थिक वर्ष पालटल्यावर नवा दाखला निघाला तेव्हा कुठे अर्ज पुढे सरकला. मला ही या व्यवस्थेतली सगळ्यात मोठी उणीव वाटते. तातडीने उपाशी पडणाऱ्यासाठी वेगळी खिडकीच नाही.

मग ऐकलं, "इष्टांक शिल्लक नाही." इष्टांक म्हणजे कायद्याने राज्याला किती माणसांचं धान्य द्यायचं याचा ठरलेला आकडा, सात कोटींच्या थोडा वर, आणि तो अजून 2011 च्या जनगणनेवर उभा आहे. कुणी वारलं, कुणाच्या लेकीचं लग्न होऊन नाव कमी झालं, कुणी कायमचं दुसरीकडे गेलं, की जागा होते. म्हणून अर्ज दिल्यावर शिक्का आणि आवक क्रमांक असलेली पोच घ्याच. आमचा नंबर लागला तो त्या क्रमांकाच्या जोरावर, तोंडी विनंतीवर नव्हे.

मधल्या काळात आधार झाला तो अंगणवाडीचा आणि शाळेचा. सहा महिने ते सहा वर्षांचं मूल, गरोदर किंवा स्तनदा आई, यांच्या आहारासाठी रेशन कार्ड लागत नाही. शाळेतल्या दुपारच्या जेवणालाही नाही. धाकटीचा आहार अंगणवाडीतून येत राहिला, थोरला शाळेत जेवत होता. लाज धरू नका, तो मुलांचा हक्क आहे आणि त्याच कायद्यात लिहिलेला आहे.

धान्य सुरू झाल्यापासून मात्र तक्रारीला फारशी जागा नाही. मशीनवर अंगठा दिला की पावती निघते. त्यावर किती किलो लिहिलंय ते वाचा आणि काट्यावर तेवढंच घ्या. सासूबाईंच्या बोटांच्या रेषा कामाने झिजल्यात, त्यांचा अंगठा लागेना आणि ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, अडलं. शेवटी 'मेरा ई-केवायसी' ॲपवर चेहरा दाखवून घरबसल्या झालं. वयस्कर माणूस असेल त्या घराने थेट हेच करावं. गाव सोडून कामाला गेलात तरी रेशन कार्डाच्या 12 अंकी नंबरावर तिथल्या दुकानात धान्य मिळतं. ह्यांनी बाहेरगावी काम धरल्यावर त्यांच्या वाटणीचं तिकडे उचलून पाहिलं आहे.

तांदळात काही दाणे वेगळे दिसतात, धुताना वर तरंगतात. शेजारणी ते प्लास्टिकचे म्हणून निवडून टाकत होत्या. ते तांदळाच्या पिठाचेच दाणे आहेत, लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-12 घातलेले. फेकू नका. गहू साफ करावा लागतो, एवढंच.

धान्य नाकारलं तर 1967 वर तक्रार नोंदवा आणि नोंदणी क्रमांक लिहून ठेवा. हक्काचं धान्य दिलं नाही तर सरकारने अन्न सुरक्षा भत्ता द्यायचा, असं कलम 8 सांगतं. लेखी अर्जात ते कलम घाला.

धाकटीचं नाव अजून चढलेलं नाही. जन्मदाखला जोडून अर्ज दिलाय, पण नव्या नावालाही इष्टांक लागतो. तोवर पाच जणांच्या घरात चौघांचं 20 किलो धान्य येतं आहे.