तीस किलोमीटर सांगितले, नऊलाच बंद पडली

स्टेशनपासून ऑफिस साडेतीन किलोमीटर. रोजची बसची वाट बघून कंटाळलो होतो, म्हणून घडी करून ट्रेनमध्ये नेता येईल अशी उभ्याने चालवायची इलेक्ट्रिक स्कूटर घेतली. विक्रेत्याने सांगितलेलं अजून पाठ आहे: ३६ व्होल्ट, १० एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीत किती चार्ज मावतो त्याचं माप) बॅटरी, एका चार्जमध्ये ३० किलोमीटर, वजन फक्त ११ किलो आणि अडीच तासांत फुल चार्ज. हलकी आहे आणि पटकन चार्ज होते, या दोन गोष्टींवर मी भाळलो. फसवणूक नेमकी त्या दोन गोष्टींतच होती.

पहिल्या दिवशी जाऊन-येऊन सात किलोमीटर झाले, तेव्हा डिस्प्लेवर एकच काडी उरली होती. दुसऱ्या दिवशी चार्ज न करता निघालो आणि उड्डाणपुलाच्या चढावर, एकूण नऊ किलोमीटरला, स्कूटर बंद पडली. मागे गाड्यांचे हॉर्न, आणि मी कडेने ढकलत चाललेलो. विक्रेत्याला फोन केला तर म्हणाला, "नवीन बॅटरी आहे साहेब, पाच-सहा वेळा चार्ज झाली की खुलेल." हे साफ खोटं आहे. लिथियम बॅटरी नवी असताना सगळ्यात जोमात असते. पुढच्या फोनला टायरमधली हवा, त्याच्या पुढच्या फोनला माझं वजन. चढ, वजन, वेग यांनी रेंज खरंच कमी होते, ३० चे २० झाले असते तर मी कुरकुरलोही नसतो. पण या उत्तरांत माल परत करायची मुदत निघून गेली. तुम्हाला कुणी "थोडे दिवस वापरून बघा" म्हणालं, तर आधी मुदतीची तारीख बघा.

मग एका रात्री चार्जरवरचं बारीक अक्षर वाचलं: ४२ व्होल्ट, २ अँपिअर. २ अँपिअरच्या चार्जरने १० एएचची रिकामी बॅटरी भरायला किमान पाच तास हवेत, शेवटी करंट कमी होत जातो म्हणून थोडे जास्तच. माझी अडीच तासांत भरत होती. म्हणजे आत फार तर ५ एएच.

ओळखीच्या मेकॅनिककडे नेली. त्याने पाय ठेवायचं रबर उचललं, खालचे स्क्रू काढले, निळं प्लास्टिक कापलं. आत २० सेल, म्हणजे ज्या छोट्या बॅटऱ्या जोडून अख्खा पॅक बनतो त्या. त्या सेलचे १० एएच व्हायला ४० लागतात. उरलेल्या जागेत राखाडी फोम भरला होता, कडा सरळ, अगदी मापात कापलेला. तो फोम बघून मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं, कारण ही चूक नव्हती, कुणीतरी बसून कात्री चालवली होती. काही सेलवर जुन्या वेल्डिंगच्या खुणाही होत्या, म्हणजे दुसऱ्या पॅकमधून उपटून लावलेले. एक सेल साधारण ४५ ग्रॅमचा, म्हणजे २० सेलचं जवळजवळ एक किलो वजन गायबच होतं. हलकी का, ते तिथे कळलं.

इथे माझीही चूक झाली. सील तुटलं म्हणून विक्रेत्याने वॉरंटीच नाकारली. बॅटरी उघडू नका, धोका असतो तो वेगळाच. घेतल्याच्या पहिल्या आठवड्यात स्कूटर बॅटरी पूर्ण संपेपर्यंत चालवा, चार्जर लावल्यापासून हिरवा दिवा लागेपर्यंतची वेळ व्हिडिओत घ्या आणि तक्रार फोनवर नाही, लेखी करा. घेण्याआधी व्होल्ट गुणिले एएच करा, त्याला १५ ने भागा. ३६ गुणिले १० म्हणजे ३६० वॅट-अवर (बॅटरीतली एकूण ऊर्जा), भागून २४ किलोमीटर. सपाट रस्त्यावर साधारण एवढंच धरायचं. त्याच बॅटरीवर कुणी ४० सांगत असेल तर तिथून उठा.

एकाने "आहे तशी द्या" म्हणून माझी स्कूटर मागितली, मी दिली नाही. जुने-नवे सेल जोडलेला पॅक कुणाच्या घरात रात्रभर चार्जिंगला लागावा आणि पेट घ्यावा, हे मला नको होतं. पॅक ई-कचऱ्यात दिला. सांगाडा जिन्याखाली आहे आणि ते साडेतीन किलोमीटर मी सध्या बसने जातो.