रिव्हर्स कॅमेरा बंद पडला आणि बिल आलं साडेचौदा हजारांचं

नागपूरच्या मनीषनगरमधल्या एका कुटुंबाच्या हॅचबॅकचा रिव्हर्स कॅमेरा ऐन पावसाळ्यात बंद पडला. रिव्हर्स टाकला की स्क्रीन काळी, त्यावर पार्किंगच्या रंगीत रेषा, चित्र मात्र नाही. अॅक्सेसरीजच्या दुकानातल्या पोराने स्क्रीनमागची पिन हलवली आणि निकाल दिला, "काकाजी, कॅमेरा गेला तुमचा." नवा बसवला तर आडवे पट्टे. मग "बोर्डही उडालं" म्हणत नवी अँड्रॉइड स्क्रीन. 14,500 रुपये, हातात कच्ची चिठ्ठी, जुना माल दुकानातच. महिनाभरात चित्र पुन्हा येऊन-जाऊन करू लागलं, कारण मूळ बिघाडाला कोणी हातच लावला नव्हता. डिक्कीच्या बिजागरीजवळच्या रबरी नळीत वायर अर्धवट तुटली होती. टोकं टेकली की चित्र, सुटली की अंधार.

खूण पहिल्याच दिवशी समोर होती. रिव्हर्स टाकताच स्क्रीन बदलते म्हणजे ट्रिगर वायर, म्हणजे रिव्हर्स पडल्याचा इशारा स्क्रीनला देणारी वायर, ठीक आहे. मग बघायच्या जागा तीन: कॅमेऱ्याचा सप्लाय, पिवळ्या आरसीए पिनची व्हिडिओ केबल आणि खुद्द कॅमेरा. रेषा दिसतात म्हणून कॅमेरा जिवंत आहे असं मात्र समजू नका, बऱ्याच स्क्रीन त्या स्वतःच काढतात. स्क्रीन बदललीच नाही, तर आधी मागचा पांढरा दिवा बघा. तो लागत नसेल तर फ्यूज, बल्ब नाहीतर गिअरबॉक्सवरचा रिव्हर्स स्विच. लागत असेल तर ट्रिगरचा जोड सुटलाय. अशा वेळी कोणी नवा कॅमेरा सुचवला तर गाडी वळवून घरी आणा.

तपासणी तुमच्या डोळ्यांसमोर, याच क्रमाने व्हायला हवी. हँडब्रेक ओढा, चाकामागे वीट लावा, इंजिन बंद ठेवून इग्निशन चालू करा, रिव्हर्स टाका. मल्टिमीटर 20 व्होल्ट डीसीवर ठेवून कॅमेऱ्याच्या लाल-काळ्या वायरवर मोजा. 12 च्या आसपास हवं. मोजताना कॅमेरा जोडलेला असू द्या. एकदोन तारांवर तग धरलेली वायर मोकळी असताना पूर्ण 12 दाखवते आणि भार आला की कोसळते. इथे हुशार माणूसही चकतो, आणि लबाडाला तर हेच हवं असतं: "बघा, सप्लाय आहे, म्हणजे कॅमेराच मेला."

मग एक सुटा चालू कॅमेरा घ्या. तो बॅटरीवरून 12 व्होल्ट देऊन थेट स्क्रीनमागच्या कॅमेरा इनपुटला लावा. चित्र आलं तर स्क्रीन निर्दोष, बोर्डाची गोष्ट संपली. तोच कॅमेरा आता डिक्कीकडच्या टोकाला, गाडीच्याच वायरिंगवर लावा. इथे चित्र गेलं तर वायरिंग दोषी. शेवटी रिव्हर्समध्येच डिक्की सावकाश वरखाली करा आणि रबरी नळी बोटांनी वाकवा. चित्र थरथरलं की जागा सापडली.

आडव्या पट्ट्यांचा खेळ वेगळा. बाजारात दोन जातींचे कॅमेरे आहेत, जुना सीव्हीबीएस आणि जास्त स्पष्ट एएचडी. फक्त सीव्हीबीएस समजणाऱ्या स्क्रीनला एएचडी कॅमेरा लावला तर पट्टे, धावतं चित्र किंवा काहीच नाही. स्क्रीन बिघडलेली नसते, जोडी चुकलेली असते. काही कॅमेऱ्यांत वायरचा एक छोटा लूप कापून जात बदलता येते. कोणता कापायचा ते खोक्यातल्या कागदावर असतं. पट्टे दाखवून स्क्रीन विकणाऱ्याला हे ठाऊक नसतं, यावर विश्वास बसणं कठीण.

कॅमेरा खराब होतच नाही असं नाही. काचेच्या आतून वाफ धरली असेल तर सील गेलंय, तो बदलायलाच हवा. नुसतं धुरकट दिसत असेल तर आधी मऊ कापडाने पुसा. नागपूरच्या मे महिन्याच्या उन्हात लेन्सवरचं प्लास्टिक पांढरं पडतं. सेकंडहँड गाडी घेतली असेल तर कनेक्टर उघडून हिरवा गंज बघा. 23 सप्टेंबर 2023 च्या पुरात शहरातल्या कितीतरी गाड्या पाण्यात होत्या.

दुरुस्ती म्हणाल तर किरकोळ. नळीतून लवचिक वायरचा नवा तुकडा ओढायचा, सांधे नळीच्या दोन्ही बाजूंना, वाकण्याच्या जागेबाहेर घ्यायचे, सोल्डर करून हीट श्रिंक (गरम केली की आवळणारी प्लास्टिकची नळी) चढवायची, थोडी ढील ठेवायची. पिळा मारून काळी टेप गुंडाळली तर ते काम पुढच्या पावसाळ्यापर्यंतही टिकेलच असं नाही. वॉरंटीतल्या गाडीची मूळ हार्नेस, म्हणजे कंपनीची वायरिंग, मात्र बाहेर कापू देऊ नका.

काम सुरू होण्याआधीच सांगून ठेवा: काढलेला माल परत हवा, बिल जीएसटी नंबरचं हवं, त्यावर मॉडेल, एएचडी की सीव्हीबीएस आणि वॉरंटीची मुदत लिहिलेली हवी. या कुटुंबाकडे यातलं काहीच नव्हतं, म्हणून दुकानदार साफ नामानिराळा झाला. तुमच्याकडे निदान यूपीआयची नोंद असेल, तर ती आणि दुकानाशी झालेले मेसेज जपून ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार नोंदवा.